जुन्या हवाई बंदुकीची पारख

जयपूरच्या उत्तरेस, आमेरच्या राजवाड्याच्या माथ्यावर अरवलीचा जो कडा उभा आहे, त्यावर जयगड नावाचा किल्ला आहे. या किल्ल्यात एके काळी तोफा ओतण्याचा कारखाना होता, आणि त्याच कारखान्यात सवाई जयसिंहाच्या अमदानीत, १७२० साली, एक अजस्र तोफ तयार झाली. तिचे नाव जयबाण. तिची नळी सुमारे २० फूट लांब आहे, वजन सुमारे ५० टन आहे, आणि ती भल्या थोरल्या चाकांच्या गाड्यावर बसविलेली आहे. एका बाराला १०० किलो दारू लागे असे सांगतात. तिचा गोळा कित्येक कोस दूर जाऊन पडला आणि तेथे तळे झाले, ही हकीकत आजही वाटाडे प्रवाशांना रंगवून सांगतात. तिच्यात दंतकथेचा भाग किती हे ज्याने त्याने ठरवावे. एवढी गोष्ट मात्र सर्वमान्य आहे, की ही तोफ कोणत्याही लढाईत उडाली नाही. ती एकदाच उडाली, आणि तीही परीक्षेसाठी.

हत्यार तयार झाले की त्याची परीक्षा घ्यावयाची, ही रीत जगभरची आहे. लंडनमध्ये बंदुका बनविणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, आणि नळ्या तपासून त्यांवर शिक्का मारण्याचे काम पुढे त्या संघाकडे आले. बर्मिंगहॅम शहराला आपले स्वतंत्र परीक्षागृह १८१३ साली मिळाले. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळी उडवावयाची, ती फुटली नाही तर तिच्यावर छाप उमटवावयाची, असा हा सरळ व्यवहार होता. ती छाप पाहिली की खरेदीदार निर्धास्त होई.

परंतु बंदुकांच्या विस्तीर्ण कुळात एक शाखा अशी आहे, की जिच्या वाट्याला ही छाप सहसा आली नाही. ती शाखा म्हणजे हवाई बंदूक. बोलीभाषेत छऱ्याची बंदूक. तिच्यात दारू नाही, स्फोट नाही. तेव्हा नळी फुटण्याचे भय नाही, आणि भय नाही म्हणून परीक्षागृहही नाही. नव्या बंदुकीबद्दल कारखान्याचे नाव हाच भरवसा. पण ती बंदूक दहा, वीस, चाळीस वर्षे वापरली गेली, दोन-तीन घरांतून फिरली आणि मग कोणाच्या हाती आली, म्हणजे त्या भरवशाचे काय उरते? जुनी हवाई बंदूक घेणाऱ्याला स्वतःच परीक्षागृह व्हावे लागते. ही पारख कशी करावयाची, हे समजण्यासाठी त्या यंत्राचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. कारण त्याचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्मास आला आहे, आणि जेथे तोडगा आहे तेथेच झीजही आहे.

हवा दाबली की तिच्यात जोर येतो, हे मनुष्याला फार पूर्वीच कळले होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्तेसिबिओस नावाच्या यंत्रज्ञाने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या गोफणयंत्राची कल्पना मांडली होती. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस दस्त्यात भाता बसविलेल्या बंदुका होऊ लागल्या. पुढे हवा एका कुपीत भरून ठेवण्याची युक्ती निघाली, आणि तिचा कळस म्हणजे टिरोलमधील बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराची रायफल. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिच्या कोठीत वीस-बावीस गोळ्या राहत. धूर नाही, मोठा आवाज नाही, आणि पावसात दारू भिजण्याची चिंता नाही. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळण्यास १८०४ ते १८०६ या काळात गेलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीनेही एक हवाई रायफल बरोबर नेली होती आणि वाटेतल्या जमातींना ती उडवून दाखवून चकित केले होते.

असे असूनही जिरार्दोनीची रायफल १८१५ च्या सुमारास सैन्यातून गेली. कारण उघड होते. तिची कुपी भरावयास हातपंपाचे सुमारे १,५०० दट्टे मारावे लागत. कुपीचे सांधे कातड्याचे, ते वाळले की हवा निसटे. आणि जसजशा गोळ्या सुटत तसतसा जोर कमी होई, म्हणून पहिली गोळी जेथे लागे तेथे विसावी लागत नसे. साठवलेली हवा हेच तिचे बळ आणि साठवलेली हवा हेच तिचे दुखणे.

या दुखण्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो उपाय निघाला, तो आपल्या साधेपणामुळे मन वेधून घेतो. जोर हवेत साठवावयाचाच कशाला? तो पोलादी स्प्रिंगमध्ये साठवावा आणि हवा ऐन क्षणी दाबावी. १८७० च्या दशकात अमेरिकेत या तत्त्वावर बंदुका होऊ लागल्या. मिशिगन संस्थानातील प्लिमथ गावी पवनचक्क्या बनविणाऱ्या एका कंपनीने १८८८ साली धातूची एक लहानशी हवाई बंदूक काढली आणि पवनचक्कीबरोबर ती शेतकऱ्यांना भेट म्हणून देण्यास आरंभ केला. भेटीची वस्तू मूळ मालापेक्षा लोकप्रिय झाली. कंपनीने पवनचक्क्या सोडल्या आणि १८९५ साली त्या बंदुकीचे ‘डेझी’ हे नावच स्वतःला घेतले. जर्मनीत राश्टाट येथे १८९० साली स्थापन झालेल्या कारखान्याने ‘डायना’ या नावाने बंदुका काढल्या. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीस याने १९०४ साली आपल्या रचनेचे पेटंट घेतले, आणि दुसऱ्याच वर्षापासून बी. एस. ए. या मोठ्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. भारतात साहेबांच्या बंगल्यांतून आणि संस्थानिकांच्या वाड्यांतून ज्या हवाई बंदुका आल्या, त्यांत बी. एस. ए. आणि डायना ही नावे ठळक होती. स्वातंत्र्यानंतर वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहातील इंडियन ह्यूम पाइप या मुंबईच्या कंपनीने ‘आय. एच. पी.’ या नावाने हवाई बंदुका काढल्या. सिमेंटचे नळ करणाऱ्या कंपनीने बंदुकीची नळी करावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या बंदुकीच्या पोटात काय असते? नळीच्या मागे एक रुंद पंचपात्र असते. त्यात दट्ट्या असतो, आणि दट्ट्याच्या मागे स्प्रिंग. दट्ट्याच्या तोंडाशी कातड्याचे, अलीकडे प्लास्टिकचे, वॉशर असते. नळी मोडून खाली ओढली की दट्ट्या मागे सरतो, स्प्रिंग दबते आणि चापाच्या खटक्यात अडकते. छर्रा नळीच्या मागल्या तोंडात बसवावयाचा आणि नळी मिटवावयाची. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते. पंचपात्रातील हवा एका क्षणात दाबली जाऊन तापते आणि छऱ्याला रेटते. साडेचार मिलिमीटर व्यासाचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात आठ जूल शक्ती असते. एक किलोचे वजन ८० सेंटिमीटर उचलावयास लागते तेवढीच ही शक्ती. पण ती अर्ध्या ग्रॅमच्या टोकावर एकवटलेली असते, म्हणून पाखराचा जीव घेण्यास आणि माणसाचा डोळा फोडण्यास पुरेशी असते. हवाई बंदूक हे खेळणे नव्हे, हे तिच्या पारखीतले पहिले सूत्र होय.

येथे पुन्हा जयपूरकडे वळावे लागते. मात्र या वेळी किल्ल्यावर न चढता खाली शहरात, जंतरमंतराच्या अंगणात. जयबाण ओतविणारा जयसिंह हाच या वेधशाळेचाही कर्ता होय. महाराष्ट्राशी त्याचा संबंध जुना होता. कोवळ्या वयात, १७०२ साली, तो औरंगजेबाच्या फौजेबरोबर खेळणा म्हणजे आपला विशाळगड याच्या वेढ्यात होता. पुढे ज्याने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, तो जगन्नाथ सम्राट हा त्याच्या पदरचा पंडित महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. जयसिंहाने आरंभी पितळेची वेधयंत्रे करविली. पण त्यांनी घेतलेले वेध त्याच्या मनास येईनात. आपल्या ज्योतिषसारणीच्या प्रस्तावनेत त्याने याची कारणे नोंदविली आहेत: यंत्रे लहान, म्हणून अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत, त्यांचे आस हलतात आणि झिजतात, वर्तुळांचे मध्य ढळतात, पातळ्या सरकतात. म्हणून त्याने चुनादगडाची प्रचंड यंत्रे बांधली, की ज्यांना आसच नाही आणि जी हलूच शकत नाहीत.

चांगल्या यंत्राचा घात कोठे होतो याचे इतके नेमके निदान क्वचितच कोणी केले असेल. नवे असताना बरोबर असलेले यंत्र जुने झाले की आसापाशी, सांध्यापाशी, मध्यापाशी चुकू लागते. जयसिंहाची ही चार कारणे हाती घेऊन जुनी हवाई बंदूक तपासावी. बहुतेक दोष त्यांतच सापडतील. फरक इतकाच, की बंदूक दगडाची करता येत नाही. तिला आस हवाच. तेव्हा तो तपासला पाहिजे आणि दुरुस्त केला पाहिजे.

पारखीचा आरंभ सावधगिरीने करावा. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजून तिचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे. नळी उघडी असताना चापाला बोट लावू नये. खटका सुटला तर नळी विजेच्या वेगाने मिटते आणि मध्ये सापडलेले बोट तुटते, किंवा नळी तरी वाकते. स्प्रिंग ताणताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी. छर्रा न घालता बंदूक उडवू नये. छऱ्याचा अडथळा नसला तर पुढील हवेची गादी नाहीशी होते आणि दट्ट्या पंचपात्राच्या भिंतीवर जाऊन आदळतो.

मग आस पाहावा. नळी ज्या खिळीवर मोडते ती खिळ म्हणजे या यंत्राचा आस. नळी अर्धी उघडून डाव्या-उजव्या बाजूस हलवून पाहावी. जाणवण्याइतकी हलत असेल तर प्रत्येक वेळी ती निराळ्या जागी मिटेल आणि नेम कधीच स्थिर होणार नाही. पुष्कळ बंदुकांत ही खिळ म्हणजे एक स्क्रू असतो, आणि तो थोडा आवळल्याने हा दोष जातो. भोकच झिजले असेल तर नवी खिळ किंवा पातळ चकती घालावी लागते. त्यानंतर नळीचा मध्य. तिच्यातून उजेडाकडे पाहिले असता प्रकाशाची कडी एकात एक, समकेंद्र दिसली पाहिजेत. एका अंगाला सावली पडली तर नळी वाकलेली आहे असे समजावे. आतील आटे स्वच्छ आहेत की गंजाने खाल्ले आहेत, हेही त्याच वेळी दिसते.

नंतर सांधा. नळी आणि पंचपात्र जेथे मिळतात तेथे कातड्याची किंवा रबराची लहानशी कडी असते. या सांध्यावर पिंजलेल्या कापसाचा एक पापुद्रा ठेवून बंदूक उडवावी. कापूस उडाला तर हवा तेथून निसटते. कडी बदलणे हे काम अल्प खर्चाचे आहे, आणि ‘बंदुकीत जोर उरला नाही’ अशी जी तक्रार होते तिचे मूळ कित्येकदा एवढेच असते.

स्प्रिंगची पारख कानांनी आणि हाताने करावी. नळी ओढताना जोर एकसारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच खरखर झाली, धक्का बसला, तर स्प्रिंग मोडलेली किंवा वाकडी आहे. बार सुटल्यावर तारेसारखा झणत्कार राहिला तर ती आत सैल आहे. बंदूक ताणून दिवसेंदिवस ठेवण्याची वाईट खोड काही लोकांना असते; अशी स्प्रिंग आखडते आणि तिचा दम जातो. खटक्याची परीक्षा यानंतर घ्यावी. बंदूक ताणून, छर्रा घालून, तोंड भक्कम मातीच्या ढिगाकडे करून, चापाला न शिवता दस्त्यावर तळहाताने दोन-तीन थापा द्याव्यात. आपोआप बार झाला तर खटका झिजलेला आहे. इतर दोष किंमत कमी करतात. हा दोष व्यवहारच मोडतो. बाकी सर्व अंगांनी देखणी असली तरी अशी बंदूक दुरुस्त झाल्याखेरीज मुलाच्या हाती देऊ नये.

वॉशरचा प्रश्न नाजूक आहे. कातडी वॉशर वाळले की दट्ट्याभोवतून हवा गळते. त्याला योग्य तेलाचे चार थेंब देऊन, बंदूक उभी ठेवून रात्रभर मुरू दिले, की ते पुष्कळदा पुन्हा फुगते. पण विक्रेत्याची लबाडीही येथेच शिरते. पंचपात्रात तेल अधिक झाले तर दाबाने तापलेल्या हवेत ते डिझेल इंजिनातल्यासारखे पेट घेते. मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, छर्रा फळीत खोल घुसतो, आणि ग्राहक जोरावर खूष होऊन पैसे मोजतो. तो जोर उसना असतो, आणि तो स्प्रिंगचा व वॉशरचा नाश करीत असतो. या ज्वलनाचा अभ्यास इंग्लंडमध्ये जी. व्ही. कार्ड्यू यांनी १९७० च्या दशकात केला. हवेऐवजी नायट्रोजनमध्ये बंदूक उडविली असता छऱ्याचा वेग बराच घटतो, असे त्यांना दिसून आले. म्हणजे थोडे ज्वलन चांगल्या बंदुकीतही होत असते. परंतु धूर आणि जळक्या तेलाचा वास ही गुणाची खूण नव्हे. जुन्या बंदुकीचे पहिले वीस बार हिशेबात धरू नयेत, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

पंचपात्र उघडण्याचा मोह मात्र नवशिक्याने आवरावा. आतील स्प्रिंग न ताणलेल्या स्थितीतही दबलेली असते. मागचे बूच शिकंज्यात न धरता सोडविले तर ते गोळीसारखे सुटून छातीवर बसते.

बंदूक निरोगी ठरली की ती लावून घेण्याचे काम उरते. तेथे पहिले हत्यार म्हणजे पेचकस. दस्त्याचे स्क्रू प्रत्येक बाराच्या हादऱ्याने सैल होतात, आणि सैल दस्त्याची बंदूक कोणाच्याच हाती सरळ मारीत नाही. दुसरी गोष्ट पकड. दारूची बंदूक मागे धक्का देते. स्प्रिंगची बंदूक दोन धक्के देते. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा ती मागे सरते, आणि दट्ट्या थांबतो तेव्हा पुढे झेपावते. हे सारे छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या सुमारास घडत असते. म्हणून ती आवळून धरली तर हाताची प्रत्येक चूक छऱ्याला चिकटते. तिला तळहातावर नुसती विसावू द्यावी, हवी तशी सरकू द्यावी, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी धरावी. नेमबाजांच्या परिभाषेत या पकडीला तोफेचे नाव आहे, आणि त्याचे कारण जयगडावर गेल्यास डोळ्यांनी दिसते. जयबाण जमिनीत रोवलेली नाही. ती चाकांवर आहे. तोफेला मागे सरकू द्यावयाचे असते, अडवावयाचे नसते.

आता लक्ष्याचा कागद. दहा मीटरवर कागद लावून, बंदूक वाळूच्या पिशवीवर हात टेकून धरावी आणि माशी-खाचेला हात न लावता पाच बार काढावेत. छर्रे मध्यावर लागले की नाहीत हे पाहू नये. ते एकमेकांजवळ लागले की नाहीत हे पाहावे. विखुरले असतील तर दुसऱ्या बनावटीचा छर्रा घेऊन पाहावा, कारण प्रत्येक नळीला आपापला छर्रा मानवतो. पाचही भोके एका लहान नाण्याखाली झाकली जाऊ लागली, म्हणजे मग खाच सरकवावी. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. माशी आणि खाच यांत ४० सेंटिमीटर अंतर असेल आणि छर्रे दहा मीटरवर २० मिलिमीटर खाली लागत असतील, तर खाच ०.८ मिलिमीटर वर उचलावी. छर्रा जिकडे न्यावयाचा तिकडे खाच न्यावी; माशी हलवावयाची असेल तर उलट दिशेला. घाईने पहिल्याच बारानंतर खाच फिरविणारा मनुष्य चुकीला चुकीने दुरुस्त करीत राहतो.

जयपुरातच याचा एक दाखला आहे. जयसिंहाची यंत्रे दीडशे वर्षांच्या ऊनपावसाने खराब झाली होती. १९०१ साली महाराज माधोसिंह यांच्या काळात लेफ्टनंट गॅरेट यांच्याकडे जीर्णोद्धाराचे काम आले. त्यांच्या मदतीला चंद्रधर शर्मा गुलेरी नावाचे अवघे अठरा-एकोणीस वर्षांचे पंडित होते. हेच पुढे ‘उसने कहा था’ या हिंदी कथेचे लेखक म्हणून प्रसिद्ध झाले. नुसता चुना लावून ती यंत्रे उजळता आली असती, पण मग ती शोभेची राहिली असती. प्रत्येक यंत्र कशासाठी आहे हे समजून घेणे हा दुरुस्तीचाच भाग होता. जुने यंत्र हाती घेणाऱ्याने हा धडा लक्षात ठेवावा.

इकडे स्प्रिंगच्या बंदुकीचा इतिहास पुढे सरकतच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शस्त्रनिर्मितीवर बंदी आली, आणि निर्बंध सैल होताच तेथील निष्णात कारागीर प्रथम हवाई बंदुकांकडे वळले. माउझर कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन यंत्रज्ञांनी ओबर्नडॉर्फ येथे फाइनवेर्कबाउ ही संस्था काढली. तिच्या १९६१ च्या सुमारास आलेल्या रायफलीत नळी आणि पंचपात्र मिळून सारे यंत्रच दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकते आणि नेमबाजाच्या खांद्याला धक्का जाणवत नाही. तोफेच्या गाड्याची जुनी कल्पना अशी हातातल्या बंदुकीत शिरली. १९६६ साली जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत दहा मीटर हवाई रायफलीला स्थान मिळाले, आणि १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ती दाखल झाली. तेथील लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. मात्र तोवर स्प्रिंगचे दिवस ओसरू लागले होते. आज स्पर्धेच्या रायफली कुपीत भरलेल्या हवेवर चालतात. प्रत्येक बाराला सारखाच दाब देणारा नियामक त्यांत असतो. जिरार्दोनीला जे साधले नाही ते दोनशे वर्षांनी साधले.

भारतात राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत, आणि सुमा शिरूर यांनी २००४ साली अथेन्समध्ये हवाई रायफलीच्या अंतिम फेरीत स्थान मिळविले. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक जिंकले. जयपूर तर या रायफलीचे शहरच झाले. तेथील अपूर्वी चंदेला यांनी २०१४ साली ग्लासगो येथे राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळविले. अवनी लेखरा यांना २०१२ साली मोटार अपघातात पाठीच्या कण्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. जगतपुऱ्याच्या मैदानावर त्यांनी रायफल हाती धरली, आणि ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत २४९.६ गुणांसह पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळविला. २०२४ साली पॅरिसमध्ये त्यांनी ते पद राखले. त्यांच्या मार्गदर्शक सुमा शिरूर. पनवेल आणि जयपूर यांची गाठ अशी एका छऱ्याने घातली.

परंतु स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. सामान्य घरातील मुलगा किंवा मुलगी नेम म्हणजे काय हे प्रथम शिकते ते पुष्कळदा कोणाच्या तरी जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीवर. झिजलेल्या आसाची बंदूक वाट्याला आली, तर छर्रे विखुरतात आणि दोष आपल्या हाताचा आहे असे मानून ते मूल खेळच सोडून देते. पारख चुकली तर पैसे जातात हे खरे. पण त्याहून मोठे नुकसान हे आहे.

दुसरे नुकसान मुक्या जीवांचे. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जुलांहून कमी शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. पण परवाना नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांची शिकार हा गुन्हा ठरविला आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली हवाई बंदुका सरकारजमा करण्याची मोहीम निघाली आणि गावोगावच्या लोकांनी आपल्या बंदुका आपण होऊन आणून दिल्या, कारण त्यांच्या रानांतील किलबिल थांबत चालली होती. जुनी बंदूक विकत घेणाऱ्याने तिच्याबरोबर कागदाचे लक्ष्य आणि मागे मातीचा ढीग यांचीही सोय करावी. ती नसेल तर ती बंदूक त्याच्यासाठी नव्हे.

जयबाण एकदा उडाली आणि तिची कीर्ती तीनशे वर्षे टिकली. एका बाराने धातू भक्कम आहे एवढे सिद्ध होते. नेम सिद्ध होत नाही. त्याच जयसिंहाने तोफेला एक बार पुरेसा मानला, पण ग्रहताऱ्यांचे वेध मात्र पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे घेवविले, आणि जेथे आस झिजला तेथे यंत्रच बदलले. जुन्या हवाई बंदुकीची पारख करणाऱ्याला जयगडाकडून घ्यावयाचे आहे ते सैल पकडीचे तत्त्व. जंतरमंतराकडून घ्यावयाची आहे ती पुन्हा पुन्हा पाहण्याची चिकाटी. कागदावरची पाच भोके एकत्र आली, की शिक्का मारणारे परीक्षागृह नसले तरी चालते.